नालेसफाई आणि जाळरेषा

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला पावसाळ्याचे भय शिकवावे लागत नाही. मे महिना उजाडला की नाल्यांतील गाळ किती निघाला, उदंचन केंद्रे सज्ज आहेत किंवा काय, धोकादायक इमारतींच्या यादीत कोणाची नावे आहेत, याच्या वार्ता वृत्तपत्रांत येऊ लागतात. त्यावरून खडाजंगी होते, कंत्राटदारांच्या नावाने बोटे मोडली जातात. ही धावपळ पुरेशी असते असे नाही. पण ती होते, आणि झाली नाही तर नागरिक जाब विचारतात. याच उपनगरांच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगरांवर दर वर्षी आणखी एक ऋतू येऊन जातो. त्याची पूर्वतयारी कोणी केली व किती केली, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. तो ऋतू वणव्याचा. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या गच्चीवरून रात्री डोंगरावर तांबडी रेघ सरकताना दिसते, घटकाभर ती पाहिली जाते, आणि सकाळी काळवंडलेल्या उताराकडे पाठ करून सर्वजण आपापली गाडी गाठावयास निघतात.

वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे परदेशांतील चित्रे उभी राहतात. २००९ च्या ७ फेब्रुवारीस ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात भडकलेल्या आगींनी १७३ माणसांचा बळी घेतला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील लॉस एंजलिस महानगराच्या डोंगराळ उपनगरांत आगी लागल्या आणि १६ हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. ही वर्णने आपण दूरच्या देशाची वार्ता म्हणून वाचतो. कोठे ते वाळवंटाच्या कडेला वसलेले कोरडे शहर आणि कोठे चार महिने पाण्यात बुडणारी आपली मुंबई, असे मनाचे समाधान करून घेतो. हे समाधान भूगोलाच्या कसोटीस उतरत नाही. लॉस एंजलिसच्या आगीला बळ देणारा वारा समुद्रावरून आलेला नव्हता. अंतर्भागातील वाळवंटी पठारावरून निघून, डोंगर ओलांडून, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या त्या वाऱ्याला तेथील लोक ‘सांता आना’ म्हणतात. डोंगरावरून खाली उतरताना हवा दाबली जाते, दाबली गेल्याने तापते, आणि तापल्याने अधिक कोरडी होते. सुकलेल्या झुडपांवरून असा वारा वाहू लागला म्हणजे एक ठिणगी पुरते.

हाच न्याय, प्रमाणाने सौम्य असला तरी, कोकणपट्टीलाही लागू आहे. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे आठवावेत. दुपारच्या सुमारास समुद्रावरून येणारे खारे वारे मुंबईला उन्हाळ्यात सांभाळून घेतात. परंतु दख्खनच्या पठारावरून सह्याद्री उतरून येणारा पूर्वेचा वारा जोरदार असला म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचे आगमन लांबते, हवेतील आर्द्रता उतरते आणि पारा चढत जातो. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदविलेला ४२.२ अंशांचा उच्चांक १९५२ च्या १४ एप्रिलचा आहे. १९५६ च्या २८ मार्चला तेथे ४१.७ अंश तापमान होते, आणि २०१८ च्या २५ मार्चलाही पारा ४१ अंशांवर गेला होता. यातला एकही दिवस मे महिन्यातील नाही. मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो, कारण तेव्हा हवा दमट असते. आगीच्या दृष्टीने अधिक धोक्याचे दिवस त्याआधीचे, कोरड्या वाऱ्याचे असतात.

सर्वसाधारण वर्षी सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे खरे. पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने डोंगराच्या माथ्यावरील मुरमाड जमिनीला थेंब मिळत नाही. किंबहुना पावसाची ही विपुलताच वणव्याचे सरपण रचून ठेवते. जेथे पाऊस अगदी थोडा तेथे गवतही विरळ असते, आणि विरळ गवतात आग फार दूर जात नाही. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात गवत कमरेइतके वाढते, दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि पौषापर्यंत काडीसारखे वाळते. पुढे साग, ऐन, पळस यांची पानगळ सुरू होते आणि जंगलाच्या जमिनीवर पाचोळ्याचे थर साचतात. घाणेरी आणि रानमोडी या परक्या झुडपांनी पोकळ्या भरून काढल्या आहेत. तीही सुकली की चटकन पेटतात. त्यात कारवीची भर. दर आठ वर्षांनी एकदा बहरणारी ही झुडपे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये फुलली, तशीच २०२४ मध्येही फुलली. फुलोरा येऊन बी धरले की कारवी मरते आणि तिच्या वाळलेल्या काठ्या उतारावर तशाच उभ्या राहतात. म्हणजे चार महिने सदाहरित भासणारा हा प्रदेश उरलेल्या काळात गंजीसारखा होऊन बसतो. वाळवंटाच्या कडेच्या शहराला जी भीती, ती आपल्याला नाही असे मानण्यास येथे आधार नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. २०१८ च्या ३ डिसेंबरला संध्याकाळी गोरेगावच्या चित्रनगरीलगतच्या डोंगरावर आग लागली आणि वाऱ्यासरशी आरेच्या जंगलाच्या दिशेने पसरत गेली. अग्निशमन दलाचे जवान, वनकर्मचारी आणि पाड्यांतील आदिवासी रात्रभर तिच्याशी झुंजत होते. अंधार, चढ आणि वाटेचा अभाव यांमुळे बंबांना जवळ जाणे अवघड झाले. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा प्रत्यय महानगराच्या ऐन मध्यावर आला. आग कोणी लावली काय, असा संशय व्यक्त झाला आणि चौकशीच्या मागण्या झाल्या. या घटनेतील तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईकर ज्याला थंडी म्हणतात ती पडण्याच्या सुमारास, ही आग लागली. राज्याच्या वनखात्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानण्याची रूढी आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था मात्र देशातील वणव्यांचा काळ नोव्हेंबर ते जून असा धरते. विदर्भातील जंगलांसाठी फेब्रुवारीची तारीख योग्य असेल. जेथे दिवाळीनंतरच गवत वाळते आणि जंगलाच्या चारही बाजूंनी माणसांची वर्दळ असते, तेथे ती उशिराची ठरते.

आग लागते कशी, याचे उत्तर अवघड नाही. आपल्या जंगलांत बांबूवर बांबू घासून वणवे पेटतात अशी समजूत रूढ आहे. विजेने लागणाऱ्या आगींचेही दाखले दिले जातात. पण मुंबईच्या डोंगरांवर विजा कडाडतात त्या मुख्यतः पावसाच्या तोंडावर, आणि त्यांच्यामागोमाग पाऊसही येतो. डिसेंबर ते मे या काळात निरभ्र आकाशाखाली पेटणारी आग ही जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागलेली असते. विझविल्यावाचून टाकलेले विडीचे थोटूक, सहलीला आलेल्यांनी मांडलेली चूल, रात्री झाडीत जमणाऱ्या मद्यपींची शेकोटी, मधमाश्या उठविण्यासाठी केलेला धूर, सोसायटीच्या मागल्या कुंपणाशी पेटविलेला पालापाचोळ्याचा ढीग, अशी तिची कारणे. याखेरीज, जळून मोकळी झालेली जमीन पुढे कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न उपनगरांत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर प्रत्येक आगीच्या रीतसर तपासातूनच मिळू शकते.

आदिवासींकडे बोट दाखविणे हा यातला सर्वांत सोपा मार्ग. ठाणे-रायगडकडील शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणून सर्व वणव्यांचे खापर त्यांच्यावर फोडले जाते. राब हा शेतकऱ्याच्या स्वतःच्या तुकड्यावर, राखण ठेवून, पेरणीच्या आधी भाजला जातो. क्वचित त्यातून आग निसटत असेल. पण डिसेंबरातल्या संध्याकाळी डोंगराच्या कड्यावर पेटलेल्या गवताशी राबाचा संबंध जोडता येत नाही. आरेतील आणि उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबांची घरे, झाडे, गुरे या जंगलातच आहेत. वणव्याने पहिले नुकसान होते ते त्यांचे, आणि हातात हिरवी डहाळी घेऊन आगीच्या तोंडाशी प्रथम धावतात तेही तेच.

‘गवतच तर जळते, पावसाळ्यात पुन्हा उगवेल,’ असे म्हणणारे सुशिक्षित लोक पुष्कळ भेटतात. जळलेल्या रानात पहिल्या सरींनंतर हिरवळ लवकर दिसते, त्यामुळे या समजुतीला बळ मिळते. आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीलगत धावतो. मोठ्या झाडांचे शेंडे तो सहसा पेटवीत नाही. जाड सालीचा जुना साग त्यातून वाचतो. वाचत नाहीत ती त्या सागाच्या, ऐनाच्या, कुड्याच्या पायथ्याशी आलेली एक-दोन वर्षांची रोपे. दर वर्षी रोपे जळत गेली तर पंचवीस वर्षांनी जुनी झाडे पडतील तेव्हा त्यांची जागा घेणारे कोणी उरणार नाही. तेथे गवत आणि रानमोडी शिरतील. ती पुन्हा पेटतील आणि पुन्हा वाढतील. जंगलाचे माळरान होण्याची क्रिया अशी हळूहळू, कोणाच्या डोळ्यांवर न येता चालते. रातवा वाळल्या पाचोळ्यावर अंडी घालतो, टिटवी उघड्या जमिनीवर घालते, आणि दोघांच्या विणीचे दिवस याच कोरड्या ऋतूत सुरू होतात. साप, सरडे, घोरपडी यांना पंख नसतात. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण रचणाऱ्याने वणवा पाहिलेला असला पाहिजे.

काही जण याहून विचारपूर्वक आक्षेप घेतात. आग ही निसर्गाचाच भाग आहे, ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी तर शेकडो पिढ्या रान जाणीवपूर्वक भाजत आले, मग आपणच आगीला एवढे का भ्यावे, असे ते विचारतात. त्यात तथ्य आहे, पण ते नीट समजून घेतले पाहिजे. ते लोक वारा पाहून, ओल पाहून, ठरावीक ऋतूत, तुकड्यातुकड्याने आग लावीत व तिच्यावर नजर ठेवीत. ती एक विद्या होती. कोणीतरी फेकलेल्या थोटकाने भर वाऱ्यात डोंगर पेटणे याला त्या विद्येचे नाव देता येणार नाही. वनखाते ज्याला जाळरेषा म्हणते तीही याच विद्येची एक शाखा आहे. जंगलात ठरावीक अंतरावर पट्टे आखावयाचे, त्यांतील गवत व पाचोळा हंगामाच्या आधी काढून टाकावयाचा किंवा देखरेखीखाली जाळून टाकावयाचा. म्हणजे पुढे आग आली तरी त्या पट्ट्यापाशी तिला खावयास काही मिळत नाही आणि ती थांबते. डोंगराच्या उतारावर या पट्ट्यांचे महत्त्व अधिक. तप्त हवा वर जाते आणि वरचे गवत आधीच तापवून ठेवते, त्यामुळे उताराचा कोन दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. माणूस चढताना मंदावतो आणि आग चढताना धावू लागते. तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहणास गेलेल्या तरुण-तरुणींना वणव्याने गाठले आणि वीसहून अधिक जीव गेले, ते याच कारणाने. सुटीच्या दिवशी येऊरच्या किंवा कान्हेरीच्या वाटांनी हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

एवढे सांगूनही ज्यांना जंगलाचे दुःख आपले वाटत नाही, त्यांनी निदान स्वतःच्या जिन्यापर्यंत चढणाऱ्या पाण्याचा विचार करावा. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते. पोयसर त्याच उद्यानाच्या डोंगरांतून येते, ओशिवरा आरेच्या बाजूच्या टेकड्यांतून, आणि मिठी नदी विहार व पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून. पश्चिम उपनगरांचे सारे मोठे प्रवाह असे या डोंगरांच्या पोटातून निघतात. उतारावर गवत, पाचोळा आणि मुळांचे जाळे असते तेव्हा पावसाचा पहिला मारा ते झेलतात व पाणी जमिनीत मुरते. वणव्याने हे आवरण गेले की उघडी माती जूनच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यात उतरते, आणि ज्या नाल्यांतून मे महिन्यात लक्षावधी रुपये खर्चून गाळ काढला, त्यांतच जाऊन बसते. २००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काय केले हे उपनगरांना सांगावयास नको. तसा पाऊस कोणाला थांबविता येणार नाही. पण त्या पाण्याबरोबर डोंगराची माती किती यावी हे बव्हंशी आपल्या हाती आहे. कॅलिफोर्नियात २०१७ च्या डिसेंबरात थॉमस नावाने ओळखल्या गेलेल्या वणव्याने डोंगर उघडे केले. पुढच्याच महिन्यात, ९ जानेवारी २०१८ रोजी, तेथे जोराचा पाऊस झाला आणि माँटेसिटो या वस्तीवर चिखलाचा लोंढा येऊन वीसहून अधिक माणसे दगावली. आग आणि पूर ही दोन वेगळ्या खात्यांची प्रकरणे आहेत असे त्या डोंगराने मानले नाही.

विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला. शहराच्या आजच्या तहानेपुढे त्यांचा वाटा लहान असला तरी तलावाभोवतीचे रान राखले पाहिजे, हे त्या काळच्या अभियंत्यांनी ओळखले होते. आज उद्यान म्हणून सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे जे वन उरले आहे, त्याचा मोठा आधार हे पाणलोट क्षेत्रच आहे. ज्यांनी नळाच्या पाण्यासाठी जंगल राखले त्यांचा हिशेब सरळ होता. आपण तो विसरलो आहोत.

या वनाभोवती किती माणसे राहतात, हेही पाहावे. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. घरांच्या किमतींनी गांजलेली माणसे डोंगराच्या पायथ्याशी, पुढे उतारावर आणि पुढे वनाच्या हद्दीत सरकत गेली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा व पात्र कुटुंबांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१५ च्या ७ डिसेंबरला कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आणि २०२३ च्या १३ मार्चला मालाड पूर्वेच्या अप्पापाड्यात आगी लागल्या. त्यांत माणसे दगावली, शेकडो झोपड्यांची राख झाली आणि एकामागून एक गॅसचे सिलिंडर फुटत गेले. या आगी वस्तीतच लागल्या; त्या वणवे नव्हते. पण दोन्ही वेळचा महिना कोरडा आणि दोन्ही वस्त्या वनाच्या कडेला. जेथे झोपडीची ताडपत्री आणि डोंगरावरचे गवत यांच्यात दहा पावलांचे अंतर आहे, तेथे आग कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जाईल हे वाराच ठरवितो. अशा ठिकाणी जाळरेषा पशुपक्ष्यांइतकीच माणसांसाठी हवी.

मग ती का होत नाही? कारणाचा शोध सरकारी कामकाजाची सवय असलेल्या वाचकास चटकन लागेल. उद्यान वनखात्याकडे आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेली आरे दुग्ध वसाहत दुग्धविकास खात्याची, आणि तिच्यातील ८१२ एकर २०२१ मध्ये राखीव वन म्हणून वेगळे काढले गेले. १९७७ मध्ये उभारलेली चित्रनगरी निराळ्या महामंडळाची. बंब महापालिकेचे, काही उतार महसूल खात्याचे आणि काही खाजगी मालकांचे. डोंगर एकच आहे, फायली मात्र सहा. वणवा एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जाताना पत्रव्यवहार करीत नाही. २०१८ च्या आगीने चित्रनगरीची हद्द ओलांडून आरेकडे जाताना कोणाची परवानगी मागितली नव्हती. २०१६ च्या डिसेंबरात उद्यानाभोवतीचे परिसंवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले; निदान तेवढ्या क्षेत्रापुरती आगीची एक सामायिक योजना आणि तिच्यासाठी जबाबदार असा एक अधिकारी असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या २६ व्या कलमाने राखीव वनात आग लावणे, किंवा वनास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटती सोडून जाणे, हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या ३० व्या कलमातील मनाई राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये भरावयास लावण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात दिला. वन अधिनियमाचे ७९ वे कलम तर अधिकच मार्मिक आहे. वनात हक्क असणाऱ्यांवर आणि वनालगतच्या गावांतील सरकारी नोकरांवरही, कोणी सांगो वा न सांगो, आगीची वार्ता देण्याचे व ती विझविण्यास झटण्याचे बंधन ते घालते. मुलुंडला किंवा बोरिवलीला आज गाव म्हणावे की नाही, यावर वकील वाद घालतील. कायदा करणाऱ्यांचा हेतू मात्र स्पष्ट आहे. जंगलाच्या शेजारी राहून जो सार्वजनिक तिजोरीतून वेतन घेतो, त्याने आगीकडे गच्चीवरून पाहत राहावे, हे त्यांना मान्य नव्हते.

करावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. पहिली, उपनगरांतील डोंगरांपुरता वणव्याचा हंगाम १ डिसेंबरपासून धरावा आणि त्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरात, जाळरेषांचे काम पुरे करावे. नालेसफाईची टक्केवारी जशी जाहीर होते, तशी कोणत्या डोंगरावर किती लांबीची जाळरेषा साफ झाली याची आकडेवारी जाहीर व्हावी, म्हणजे नागरिकांना ती जागेवर जाऊन पडताळता येईल. दुसरी, वणव्यावर पहारा ठेवणाऱ्या हंगामी मजुरांची नेमणूक पाड्यांवरील तरुणांतून व्हावी. त्यांना संपूर्ण हंगामाचे वेतन वेळेवर मिळावे, पायांत जाड बूट आणि हातांत पाचोळा उडविण्याचे यंत्र असावे, आणि विम्याचे संरक्षणही असावे. जो माणूस आगीला प्रथम भिडतो, त्याची मजुरी सर्वांत शेवटी निघते, अशी स्थिती कोणत्याही हंगामात येता कामा नये. तिसरी, वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगींची सूचना देत आली आहे. पण उपग्रह डोक्यावरून ठरावीक वेळीच जातो आणि लहान आग त्याच्या नजरेतून सुटते. त्यास वेधशाळेच्या अंदाजाची जोड द्यावयास हवी. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश अधिक झाले की उष्णतेची लाट समजली जाते. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यांचा आणि अशा तापमानाचा अंदाज असेल त्या दिवशी डोंगरावरील सहली बंद ठेवणे व पहारा दुप्पट करणे कठीण नाही. समुद्राला उधाण येणार असले तर चौपाटीवर आपण लोकांना अडवितोच ना?

यास पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईल. जाळरेषा काढण्यास परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. कोयता, फावडे, माणसे आणि वेळेवर निघालेली मंजुरी लागते. यातली शेवटची वस्तू सर्वांत दुर्मिळ आहे. मार्चअखेरीस निधी खर्ची टाकण्याच्या घाईत जी कामे काढली जातात, त्यांत जाळरेषेचे काम असेल तर ते निरर्थक आहे, कारण तोवर निम्मा हंगाम उलटलेला असतो. पंचांगाप्रमाणे काम आणि कामाप्रमाणे पैसा, हा क्रम येथे पाळलाच पाहिजे.

नागरिकांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तिचा धूर कित्येक दिवस घाटकोपर-चेंबूरपासून दूरवर पसरला आणि त्या भागातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कोरड्या हवेत पेटलेला ढीग आटोक्यात आणणे किती कठीण असते, हे तेव्हा सर्वांनी नाकातोंडाने अनुभवले. तरीही झाडलोट झाली की पाने एका कोपऱ्यात ओढून काडी लावण्याची सवय गेलेली नाही. ज्या सोसायट्यांच्या भिंती डोंगराला टेकलेल्या आहेत, त्यांनी ही पाने खड्ड्यात कुजवून खत करावे. त्यात खर्च नाही, आणि झाडांना अन्नही मिळते. डोंगरावर धूर दिसताच तो कोठे, किती आणि कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे अग्निशमन दलास व वनखात्यास कळवावे. वनखात्याने ‘हॅलो फॉरेस्ट’ या नावाने १९२६ हा क्रमांक त्याचसाठी सुरू केला.

शाळांवर याहून मोठी कामगिरी सोपविता येईल. डोंगराला आग लागल्याचा पुकारा करून पळापळीचा खेळ आपल्या मुलांच्या कित्येक पिढ्या खेळल्या. त्या खेळात आग कोणी लावली, ती विझवावी कशी, हे कोणी विचारीत नाही; पळणे एवढेच असते. मोठेपणीही आपण तोच खेळ खेळत आहोत. भूगोलाच्या शिक्षकाने डिसेंबरातल्या एका सकाळी आपला वर्ग उद्यानाच्या कडेला नेऊन वाळलेले गवत, साफ केलेला पट्टा आणि खाली दिसणारा नाला या तिन्हींचा संबंध दाखविला, तर पुस्तकातील मतलई वारे त्या मुलांना कायमचे समजतील. आणि तो पट्टा साफ केलेला दिसला नाही, तर तसे पत्र त्या वर्गानेच महापालिकेस आणि वनखात्यास लिहावे. नालेसफाईचा जाब विचारण्याची सवय शहराला अशाच लहान तक्रारींतून लागली. जाळरेषेचा जाब विचारण्याची सवय लागण्यासाठी मोठ्या अनर्थाची वाट पाहण्याचे कारण नाही. यंदाचे गवत दिवाळीनंतर वाळू लागेल, आणि तोपर्यंत हाती असलेला वेळ पुरेसा आहे.